आजीनंतरची पहिली सुट्टी

माहेर ही गोष्ट आमच्या घरात आईकडे होती. दिवाळीनंतर ती गेली आणि कुणी काही न विचारता ती गोष्ट माझ्या अंगावर येऊन पडली. मी चाळिशी ओलांडलेला, लग्न राहून गेलेला, सावेडीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवणारा गृहस्थ. माझ्याकडे स्कूटर आहे, कुलर आहे, आईने मागे ठेवलेली लोणच्याची अर्धी बरणी आहे. एवढ्यावर माहेर चालतं अशी माझी समजूत होती.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पुण्यात नोकरी करते. तिची मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. दर मे महिन्यात दोघं आमच्याकडे यायची, आणि त्यांना सोडायला आणि न्यायला म्हणून ताई यायची. सोडायला आली की दोन दिवस राहायची, न्यायला आली की चार. मुलं हे निमित्त होतं. तिला आईच्या हातचं खाऊन दुपारी जमिनीवर झोपायचं असायचं.

या एप्रिलात तिचा फोन आला.

"पाठवू का रे मुलांना?"

"विचारतेस काय? पाठवायचीच."

"तू काय करणार दिवसभर त्यांचं?"

"आई काय करायची?"

"आई तशी काहीच करायची नाही. तरी मुलं रमायची."

"मग मीही काहीच करणार नाही. ते मला उत्तम जमतं."

"तुझं काहीच न करणं वेगळं," ताई म्हणाली. मग हळूच मुद्द्यावर आली. "हे म्हणतायत, सोसायटीतली सगळी मुलं सुट्टीत कॅम्पला जातात, आपल्यांनाही घालू. मी म्हटलं, एक वर्ष बघू. मामाकडे रमली तर राहू दे चालू. नाही रमली तर मग कॅम्प."

फोन ठेवल्यावर मला त्याचा अर्थ नीट कळला. राखीला आणि भाऊबीजेला मीच पुण्याला जातो. मुलं मे महिन्यात आली नाहीत तर ताईला नगरला यायचं काही कारणच उरत नाही. दोन पोरांना महिनाभर हसतं ठेवायचं, एवढ्यावर माझ्या बहिणीचं माहेर अडलं होतं. वर्गात साठ पोरं मला झोपलेली ठेवता येतात. दोन हसती ठेवायचा अनुभव नव्हता.

मुलं आली. ताईला रजा नव्हती, ती सकाळी सोडून दुपारी परत गेली. आईच्या खोलीत एकदा डोकावली, पण आत गेली नाही.

तिची गाडी कोपऱ्यावर वळली असेल नसेल, भाचा म्हणाला, "मामा, आता काय?"

हे दोन शब्द मी पुढे इतक्यांदा ऐकले की झोपेतसुद्धा दचकायला लागलो. लुडो खेळून झाला, आता काय. कुल्फी खाऊन झाली, आता काय. भाची तसं काही विचारायची नाही. ती मोबाईलमध्ये बघत शांतपणे म्हणायची, "बोअर होतंय, पण ठीक आहे." त्यातलं "ठीक आहे" मला जास्त लागायचं. हॉटेलात भाजी खारट झाल्यावर सभ्य माणूस म्हणतो तसं.

मी माळ्यावरचा कॅरम बोर्ड काढला. पुसला, सोंगट्या मोजल्या, लाल हरवली होती तिच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं. पावडर नव्हती. बाजारात जायचा कंटाळा, म्हणून आईच्या कपाटातून तिच्या तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा आणला आणि बोर्डावर सढळ हाताने शिंपडली. सोंगट्या काय सुळकन जायला लागल्या. मी स्वतःवर खूश.

भाचीने मोबाईल खाली ठेवला. "आजीचा वास येतोय," ती म्हणाली.

भाच्याने बोर्डाला नाक लावलं. त्याच्या नाकाच्या शेंड्याला पांढरा ठिपका लागला. "हो," तो म्हणाला.

त्यानंतर स्ट्रायकर कुणी हातात घेईना. कुणी रडलं वगैरे नाही. डाव तसाच पडून राहिला आणि संध्याकाळी मी बोर्ड उचलून पुन्हा माळ्यावर टाकला. हाताला दोन दिवस तो वास येत होता, कारण मीही साबण जरा बेतानेच लावला.

मग मी माझ्या विषयाकडे वळलो. इतिहासाच्या माणसाकडे भाचरं आली आणि त्याने त्यांना काही दाखवलं नाही, असं कसं चालेल? नगरजवळ डोंगरावर राणीचा म्हणून ओळखला जाणारा एक महाल आहे. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, आम्ही साडेनऊला निघालो. एका स्कूटरवर तिघं, मध्ये पाण्याची बाटली. वर पोचेपर्यंत दगड तापून तव्यासारखे झाले होते.

"इथे राणी राहायची?" भाच्याने विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. पण वीस वर्षं शिकवतोय, सवय वाईट. "नाही. लोक तिचं नाव घेतात, पण तिचा इथे काही संबंध नाही."

"मग राजा राहायचा?"

"कुणीच राहायचं नाही. ही एका सरदाराची कबर आहे."

तो विचारात पडला. "म्हणजे हा महालच नाही?"

"तसा नाही."

"आणि राणीचा पण नाही?"

"नाही."

"मग आपण का आलो?"

मी खालच्या शहराकडे हात करून हवा किती छान आहे वगैरे म्हणालो. हवा भट्टीची होती. भाचीने सावलीला टेकून पाण्याची बाटली उपडी केली, तिच्यातून दोन थेंब पडले. "मामा," ती म्हणाली, "आमच्या सोसायटीत पूल आहे." तक्रार नव्हती ती. नुसती माहिती होती.

पूल हा शब्द माझ्या डोक्यात घुसला तो तिथे. आणि इथून पुढे जे झालं त्याला मी सोडून कुणीही जबाबदार नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काकू राहतात. मूळच्या मिरजगावच्या, काकांच्या नोकरीपायी नगरला आल्या आणि इथल्याच झाल्या. आई आणि त्या दर उन्हाळ्यात मिळून कुरडया करायच्या. गहू तीन दिवस भिजत घालायचा, वाटायचा, चीक काढायचा, तो पहाटे शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर पाडायचा. यंदा त्यांनी एकटीनेच घाट घातला. वाटीत दूध-साखर घालून पोरांना चीक दिला. भाचा म्हणाला, "स्लाइमसारखा लागतो," पण वाटी चाटून पुसून ठेवली. मी मनात एक गुण मिळवला.

काकू मला म्हणाल्या, "सर, निम्म्या तुमच्या ताईच्या हायेत बरं का. आई असत्या तर त्यांनी डबा भरून दिला असता. आता म्या देते. पोरांना जरा राखणीला बसवा, पारवे लई झालेत."

मला हे फारच पटलं. लहानपणी आम्ही ताई आणि मी वाळवण राखायला बसायचो. काळ्या फडक्याची काठी, वाजवायला ताटली, आणि येता-जाता ओली कुरडई तोंडात. मी मुलांना काठी दिली, ताटली दिली, गच्चीवर टाकीच्या सावलीत सतरंजी टाकून दिली. मुलांनी एकदा ताटली वाजवली. एक पारवा उडाला. दुसरा आलाच नाही.

"मामा, आता काय?"

तेव्हा मी खेळण्यांच्या दुकानातून फुगवायचा टब आणला. निळा, त्यावर मासे छापलेले. आधी तोंडाने फुगवायला बसलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी मासे काही उठेनात. मग तसाच गुंडाळून भाच्याला मागे बसवलं आणि पंक्चरच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने त्या गुंडाळीकडे बघितलं. "सर, ट्यूब कुठल्या गाडीची?"

त्याने हवा भरून दिली आणि मग माझ्या लक्षात आलं, की आता हा फुगलेला टब स्कूटरवरून घरी न्यायचाय. तो भरलेला टब डोक्यावर धरून भाचा मागे बसला. वाऱ्याने स्कूटर डावीकडे जायला बघायची, मी उजवीकडे. सिग्नलला एका विद्यार्थ्याने "गुड मॉर्निंग सर" केलं. मी मान हलवली. भाचा मात्र मागे खदखदून हसत होता, आणि नगरला आल्यापासूनचं त्याचं ते पहिलं खरं हसू होतं. त्यासाठी मी तो टब डोक्यावर घेऊन पाथर्डीपर्यंत गेलो असतो.

आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड. त्या दिवशी आलेलं होतं. गच्चीवरच्या टाकीच्या नळाने चोरासारखा मी टब भरला. कुठे ठेवायचा, हा प्रश्न होता. सावलीत ठेवला असता तर ही हकीकत इथेच संपली असती. पण मी हुशार. राखणही व्हावी आणि डुंबणंही व्हावं म्हणून मी तो थेट कुरडयांच्या प्लास्टिकच्या कागदाशेजारी ठेवला, भर उन्हात. मुलं पाण्यात बसतील आणि बसल्या बसल्या पारवे हाकतील. एका दगडात दोन पक्षी, असं मी भाचीला म्हणालोसुद्धा.

आणि मुलं खरंच रमली. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढच्या सगळ्यात ते विसरायला होतं. भाची मोबाईल बाजूला ठेवून पाण्यात उतरली. पाणी चहा करता येईल इतकं गरम झालं होतं, पण ती दोघं एकमेकांवर उडवत होती, ओरडत होती. मी भिंतीला टेकून ताईला मनातल्या मनात फोन करत होतो.

"मामा, तू पण ये," भाचा म्हणाला.

"मी मावायचो नाही."

"काठावर बस ना."

भाचीने मोबाईल उचलला. "बस मामा, मी व्हिडिओ काढते."

आयुष्यात मला इतक्या प्रेमाने कुणी बोलावलेलं आठवत नाही. मी पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि त्या हवेच्या काठावर नीट, संपूर्ण वजनानिशी बूड टेकवलं.

काठ बसला. फुस्स असा आवाज आला आणि मी पाठीवर पडलो. माझ्यावरून टबातलं सगळं पाणी बाहेर निघालं. गच्चीला उतार असतो हे मला माहीत आहे. तो कुठल्या बाजूला आहे हे त्या दिवशी कळलं. पाणी प्लास्टिकच्या कागदावर चढलं आणि सकाळपासून पांढऱ्याशुभ्र बसलेल्या कुरडया आधी उचलल्या गेल्या, मग फिरल्या, मग एकमेकींना चिकटत पावसाळी पाइपाकडे निघाल्या. भाचा ताटली वाजवत त्यांच्यामागे धावला. का, ते त्यालाही माहीत नसावं.

आवाज ऐकून काकू वर आल्या. मी ओल्या कपड्यांनिशी पाइपाच्या तोंडाशी बसून चिकाचा लगदा ओंजळीने उपसत होतो.

त्यांनी सगळं बघितलं. ओरडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "सर, तुमी कालेजात शिकिवता काय हो?"

"इतिहास."

"मंग बरोबर हाय. व्हायचं ते हून गेल्यावरच तुमाला कळायचं."

त्यांनी उरलेल्या चारदोन कुरडया उचलल्या आणि खाली गेल्या. काकूंचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. आईच्या आणि त्यांच्या गप्पा जिन्यातून चालायच्या. त्या दुपारी आम्ही खाली आलो तेव्हा ते लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही लावलेलंच.

भाचीने व्हिडिओ तिच्या आईला पाठवला होता. ताईचा फोन आला तेव्हा ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. मीही हसलो. क्षणभर वाटलं, जमलं. मग तिचं हसू थांबलं. तिने व्हिडिओ बहुतेक पुन्हा बघितला असावा.

"किती वाजता काढलाय रे हा?"

"असेल बारा-साडेबारा."

"बाराला? मे महिन्यात? त्याच्या डोक्यावर टोपी नाही, पाठ बघ केवढी लाल झालीये."

"पाण्यात होता गं."

"पाण्यात ऊन लागत नाही असं कुठे वाचलंस?"

कुठेही वाचलं नव्हतं. संध्याकाळी भाचा जेवला नाही. अंग तापलं. मी कांदा कापून त्याच्या तळव्यांना चोळला, कैरी उकडून पन्हं केलं, त्यात साखरेपेक्षा मीठ जास्त पडलं. तो दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "मला घरी जायचंय." पहिल्यांदा तो "आता काय" म्हणाला नव्हता. डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून सांगितलं, औषध दिलं, काळजीचं काही नाही म्हणाले. ताईला मी डॉक्टरांचं वाक्य तसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या येते."

ती आली तोवर ताप उतरला होता. भाचा कुलरपुढे बसून त्यात तोंड घालून आवाज काढत होता. ताईने त्याच्या कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासाठी पिठलं केलं, भांडी घासली, मुलांच्या बॅगा भरल्या. मी म्हटलं, "दोन दिवस राहा की." ती म्हणाली, "रजा नाही रे." मग आईच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा म्हणाली, "पावडर कुणी संपवली?"

"कॅरमला लागली."

तिने डबा पर्समध्ये टाकला.

निघायच्या वेळेला मला आठवलं, की आई तिला ओटी भरल्याशिवाय कधी पाठवायची नाही. ओटी सवाष्ण बाई भरते. माझ्या माहितीतली अशी एकच बाई होती, आणि तिच्या बंद दाराची बेल वाजवायचं मला धाडस झालं नाही. म्हटलं, कुठल्या तोंडाने जाऊ. तेव्हा मीच आईच्या कपाटातून चोळीचा एक खण काढला, तांदळाचा डबा उघडला आणि ताटात ओंजळभर तांदूळ घेऊन ताईपुढे उभा राहिलो.

"हे काय?"

"ओटी. कशी भरतात ते सांग फक्त."

ती जीन्सवर होती. हसत हसत तिने ओढणीचं टोक पुढे केलं, आणि मग ताटाकडे बघून थांबली. तांदूळ चालत होते. आई गेल्यापासून मी भात केलेला नाही, डबा उघडायचं कारणच नव्हतं.

"पोरकिडे झालेत रे," ती म्हणाली. तिने बोटाने दोन किडे बाजूला केले, मग सोडून दिलं. खण तेवढा उचलला, कपाळाला लावला. "ऊन दाखव तांदळाला. आणि जरा जेवत जा."

"पुढच्या मे महिन्यात मी टब वगैरे काही आणत नाही," मी म्हणालो.

"बघू," ताई म्हणाली.

आमच्याकडे बघू म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं.

खाली गाडीत बसताना भाची खिडकीतून म्हणाली, "मामा, तू ये ना आमच्याकडे सुट्टीत. आमच्याकडे पूल आहे." भाच्याने मान डोलावली. "मी सकाळी कॅम्पला असणार, पण दुपारी असतो." दोघांनाही माझी काळजी वाटत होती, ते दिसत होतं. मी येतो म्हणालो. ताई काच वर करेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

गाडी गेल्यावर वर आलो. काकूंच्या दाराला फट होती आणि त्या फटीत काकू.

"ताई गेली व्हय?"

"गेली."

"आन् वटी?"

"मीच भरली," मी म्हणालो.

"तुमी?" त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. दुसऱ्या हातात एक पिशवी, तिच्यातून कुरडया दिसत होत्या, त्या वाचलेल्या चारदोन. "म्या मघापसनं वाट बगतेय, आता हाक माराल, मग माराल. मला वाटलं, तुमाला नको असंल."

"दार लावलेलं होतं, काकू."

"उन्हाच्या झळा येतात वो सर. कवापसनं लावतीय."

खरं असेल, नसेल. मी जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. ताईला फोन लावावा, अजून फार लांब गेली नसेल, असं मनात आलं आणि मी खिशात हातही घातला. पण बोलावून सांगायचं काय? काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली. "तळून खावा तुमीच," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.